चित्रकार मार्क शागाल

अब्राहाम, मोशे, दावीद हीं नांवें पवित्र शास्त्राच्या तासामुळें आमच्या विद्यार्थ्यांस पाठ असतात. तथापि यहुदी लोक म्हणजे फार प्राचीन काळीं होऊन गेलेलें एखादें राष्ट्र, अशी पुष्कळांची समजूत आढळते. वस्तुतः आमच्याच महाराष्ट्रांत, कुलाबा जिल्ह्यांतील खेड्यांतून, बेने इस्राएल नांवाचे यहुदी शेंकडों वर्षें राहत आले. ते तेल गाळीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांची बोली मराठी, पोषाख मराठी. परंतु शब्बाथ, सुंता व वल्हांडण हे त्यांनीं सोडले नाहींत. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं. परक्या लोकांत राहून आपल्या घराण्याची ओळख कशी राखावी, हा जो प्रश्न या कोंकणांतील यहुद्यांपुढें होता, तोच रशियांतील यहुद्यांपुढें फार भयंकर रूपानें उभा होता. त्या रशियांत जन्मलेल्या एका मुलानें त्याचें उत्तर रंग आणि कुंचला यांनीं दिलें. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

मार्क शागाल याचा जन्म ७ जुलै १८८७ रोजीं वितेब्स्क शहराच्या परिसरांत झाला. हें शहर द्विना नदीच्या कांठीं असून आज बेलारूस देशांत मोडतें. त्याच दिवशीं गांवाला आग लागली व आईला खाटेसकट दुसरीकडे हलवावें लागलें, असें पुढें त्यानें आपल्या आत्मचरित्रांत सांगितलें आहे. नऊ भावंडांत तो सर्वांत वडील. बाप खाऱ्या माशांच्या वखारींत मजूर. दिवसभर जड पिंपें उचलावयाचीं आणि रात्रीं खाऱ्या पाण्यानें भिजलेल्या कपड्यांनीं घरीं यावयाचें. आई लहानसें वाणसामानाचें दुकान चालवी. आजोबा खाटकाचा धंदा करीत, आणि एक काका गुरें खरेदी करून घरीं आला कीं फिडल वाजवीत बसे. हें घराणें हसिदी पंथाचें, म्हणजे भजनांत व नृत्यांत देवाचा आनंद मानणाऱ्या यहुद्यांचें होतें. पुढें जगांतल्या मोठमोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर जीं माणसें व जीं जनावरें चढलीं, तीं सर्व या एका मोहल्ल्यांतलीं!

अशा घरीं भिंतीवर एकहि चित्र नव्हतें. आपल्याकडे गरीबांतल्या गरीबाच्या झोंपडींतहि एखादी तसबीर असते; परंतु कोरीव मूर्ति करूं नको, ही आज्ञा तेथील धर्मनिष्ठ यहुदी अक्षरशः पाळीत. चित्रकार हा एक धंदा असूं शकतो, हें या मुलाच्या कानावर शाळेंत जाईपर्यंत आलें नव्हतें. सरकारी शाळेंत यहुदी मुलांना सहसा घेत नसत. आईनें पन्नास रूबल लांच देऊन त्याला तेथें घातलें. शाळेंत एक सोबती मासिकांतलें चित्र पाहून कागदावर उतरवीत आहे, हें त्यानें पाहिलें आणि त्याचें चित्त तेथेंच जडलें. येहूदा पेन नांवाच्या यहुदी चित्रकाराची गांवांत शाळा होती. तेथल्या फीचे पांच रूबल बापानें मुलाच्या हातीं दिले नाहींत. अंगणांत भिरकावले, आणि मुलानें ते वेंचून घेतले. एक काका तर चित्रें काढणाऱ्या पुतण्याशीं हस्तांदोलन करावयास भीत असे.

या काकाला हंसणें सोपें आहे. परंतु ज्या लोकांना स्वतःचा देश नाहीं, शेत नाहीं, कोणत्या गांवीं राहावें हेंहि सरकारच ठरवितें, त्यांना नियमशास्त्राचें कुंपण हेंच घर असतें. कुंपणाची एक काठी उपटली तर सगळेंच मोडेल, असें त्यांना वाटलें तर नवल नाहीं. आमच्या मतें शागाल यांची खरी कसोटी येथेंच होती: चित्रकार व्हावें तर घर सुटतें, आणि घर राखावें तर चित्र सुटतें.

१९०७ च्या सुमारास तो सेंट पीटर्सबर्ग येथें गेला. त्या राजधानींत राहावयास यहुद्यांना परवाना लागे. परवाना नसल्यामुळें त्याला कांहीं दिवस तुरुंगहि घडला. परवान्यासाठीं कारागीर म्हणून नोंद व्हावी एतदर्थ तो पाट्या रंगविण्याचें काम शिकला. मग लेऑन बाक्स्त यांच्या हाताखालीं त्यानें झ्वांत्सेवा यांच्या कलाशाळेंत शिक्षण घेतलें. (त्याच शाळेंत शिकलेल्या माग्दा नाखमान या चित्रकर्त्री १९३६ पासून मुंबईंत राहत होत्या व १९५१ मध्यें तेथेंच वारल्या. त्यांचेहि वडील यहुदी होते.) पुढें विनावर नांवाच्या एका उदार यहुदी वकिलानें दरमहा मदत दिली, आणि तरुण शागाल पॅरिसला आले.

पॅरिसमध्यें मधमाश्यांचें पोळें या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या इमारतींत अनेक दरिद्री कलावंत राहत. तेथें शागाल यांनीं काय रंगविलें? पॅरिसचे राजवाडे नव्हेत. वितेब्स्कचीं लांकडी घरें. १९११ मधील 'मी आणि खेडें' या चित्रांत हिरव्या तोंडाचा माणूस व एक जनावर समोरासमोर डोळ्याला डोळा लावून आहेत. जनावराच्या गालांत एक बाई दूध काढते आहे. वर कोंवळा घेऊन शेतकरी चालला आहे आणि कांहीं घरें उलटीं उभीं आहेत. आठवणी अशाच येतात, एकींत दुसरी, उलट्या-सुलट्या. कॅनव्हासला पैसे नसत, म्हणून 'फिडलवाला' हें चित्र त्यांनीं मेजावरील चौकड्यांच्या कापडावर काढलें. त्यांत तो वादक छपरांवर पाय ठेवून उभा आहे.

आमच्या परभणी जिल्ह्यांतील वाचकांस यांत फारसें परकें वाटूं नये. गंगाखेडच्या जनाबाईनें आपलें जातें आणि आपलें दळणकांडण अभंगांत आणलें, तेव्हां तें काम हलकें राहिलें नाहीं. शागाल यांनीं खाऱ्या माशांचें पिंप, गाय आणि दुकान यांस तीच प्रतिष्ठा दिली.

१९१४ मध्यें बर्लिन येथें त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन भरलें. तेथून ते थोड्या दिवसांसाठीं म्हणून वितेब्स्कला आले, आणि महायुद्ध सुरू होऊन तेथेंच अडकले. ही अडचण कलेच्या दृष्टीनें मोठें भाग्य ठरली. आई, बाप, बहिणी, मॅन्डोलिन वाजविणारा भाऊ दावीद, सर्वांस त्यांनीं एकामागून एक चित्रांत बसविलें; जणूं घरची वंशावळच लिहून काढली. याच काळांत त्यांनीं एका म्हाताऱ्या भिकाऱ्यास कांहीं पैसे देऊन घरांत बोलाविलें, आपल्या बापाची प्रार्थनेची शाल त्याच्या अंगावर घातली, बापाच्या वचनपेटिका त्याच्या कपाळाला व हाताला बांधल्या आणि त्याचें काळ्यापांढऱ्या रंगांत चित्र काढलें. ज्या बापानें पैसे अंगणांत फेंकले, त्याचीच शाल! या एका चित्रांत बाप, भिकारी आणि सबंध इस्राएल एकत्र झालेले दिसतात. मुंबईंत १९६० मध्यें जन्मलेल्या व पुढें अमेरिकेंत राहिलेल्या बेने इस्राएल चित्रकर्त्री सियोना बेंजामिन यांनींहि शास्त्रांतील स्त्रिया निळ्या वर्णाच्या रंगवून आपल्या भारतीय यहुदी घराण्याचा असाच शोध घेतला आहे.

१९१५ मध्यें जवाहिऱ्याची कन्या बेला हिच्याशीं त्यांचें लग्न झालें. १९१८ मध्यें नव्या राजवटीनें त्यांना वितेब्स्क प्रांताचे कलाधिकारी नेमलें, त्यांनीं कलाशाळा काढली, आणि सहकाऱ्यांशीं न पटल्यामुळें १९२० मध्यें ते मॉस्कोस गेले. तेथील यहुदी नाटकगृहाच्या भिंती त्यांनीं रंगविल्या. वडील मोटारीखालीं सांपडून मरण पावले. १९२२ मध्यें त्यांनीं रशिया सोडला. बर्लिनला येऊन पाहतात तों मागें ठेवलेलीं चित्रें विकलीं गेलेलीं, आणि त्यांच्या पैशाला कवडीचें मोल राहिलेलें नाहीं! पुन्हां पॅरिस, पुन्हां आरंभ.

१९३० मध्यें व्होलार नांवाच्या प्रकाशकानें जुन्या करारासाठीं चित्रें मागितलीं. त्यासाठीं १९३१ मध्यें शागाल सहकुटुंब पॅलेस्टाईनला जाऊन आले. त्यांनीं काढलेले अब्राहाम व मोशे हे राजवैभवी पुरुष नाहींत. वितेब्स्कच्या गल्लींतले थकलेले वृद्ध यहुदी आहेत. इकडे जर्मनींत नाझी सत्ता बळावली. १९३७ मध्यें म्यूनिक येथें अधःपतित कला म्हणून जें प्रदर्शन भरविलें, त्यांत शागाल यांचींहि चित्रें होतीं. १९३८ मध्यें सभास्थानें जळूं लागलीं, आणि त्याच वर्षीं त्यांनीं 'श्वेत वधस्तंभ' हें चित्र काढलें.

हें चित्र ख्रिस्ती वाचकानें थांबून पाहावें असें आहे. मध्यभागीं प्रभु येशू वधस्तंभावर आहे. परंतु त्याच्या कमरेला यहुद्यांची प्रार्थनेची शाल आहे, आणि मस्तकीं कांट्यांच्या मुगुटाऐवजीं साधें वस्त्र. पायथ्याशीं दीपवृक्ष जळतो आहे. भोंवतीं एक सभास्थान पेटलें आहे, घरें उलटीं पडलीं आहेत, निर्वासितांची होडी आहे, एक जण नियमशास्त्राची गुंडाळी छातीशीं धरून पळतो आहे, एक माता तान्ह्याला कवटाळून आहे. येशू यहुदी होता, हें आम्ही ख्रिस्ती लोक तोंडानें म्हणतों. परंतु ज्या यूरोपांत शतकानुशतकें त्याच्याच नांवानें यहुद्यांस मारलें गेलें, तेथें एका यहुद्यानें त्याला आपल्या घरचा, आपल्यासारखाच छळलेला म्हणून ओळखावें, ही गोष्ट आम्हांस खालीं मान घालावयास लावते. यावरून शागाल ख्रिस्ती झाले असें मात्र कोणीं समजूं नये. ते झाले नाहींत, आणि तसें भासवून त्यांना आपल्यांत ओढणें हा त्यांच्यावर अन्याय होईल.

१९४१ मध्यें फ्रान्सहि सुरक्षित राहिला नाहीं. मार्से येथें त्यांना अटक झाली. व्हेरियन फ्राय या अमेरिकन गृहस्थाच्या खटपटीनें ते सुटले व जून महिन्यांत न्यूयॉर्कला पोहोंचले. चित्रांच्या पेट्या मुलगी इदा हिनें मागाहून आणिल्या. त्याच उन्हाळ्यांत जर्मन सैन्य वितेब्स्कमध्यें शिरलें. तेथील यहुद्यांस कोंडवाड्यांत घातलें, आणि ऑक्टोबरांत त्यांची कत्तल केली. युद्ध संपेपर्यंत शहर जवळजवळ बेचिराख झालें होतें. ज्या गल्ल्या, जीं दुकानें, जीं सभास्थानें शागाल यांनीं रंगविलीं, तीं आतां मुख्यतः त्यांच्या चित्रांतच उरलीं. चित्र काढणें पाप मानणाऱ्या त्या मोहल्ल्याची स्मृति एका चित्रकारापाशीं राहिली.

सप्टेंबर १९४४ मध्यें बेला वारली. तिनें आपल्या बाळपणींचे शब्बाथ व सण यांच्या आठवणी यिद्दिश भाषेंत लिहून ठेवल्या होत्या. पतीच्या रेखाचित्रांसह त्या तिच्यामागें छापल्या गेल्या. ती गेल्यावर शागाल यांनीं कित्येक महिने कुंचला हातीं धरला नाहीं.

१९४८ मध्यें ते फ्रान्सला परतले. पुढील काळांत रंगीत कांचेच्या खिडक्या त्यांनीं फार केल्या. यरुशलेमांतील हदासा रुग्णालयाच्या सभास्थानासाठीं केलेल्या बारा खिडक्या १९६२ मध्यें बसविल्या गेल्या. त्यांवर इस्राएलाचे बारा वंश आहेत; पशु, पक्षी, मासे, फुलें सारें आहे, परंतु मनुष्याची आकृति एकहि नाहीं. भीत भीत हात मागें घेणाऱ्या त्या काकालाहि या खिडक्यांखालीं निःशंक प्रार्थना करतां आली असती. जर्मनीचा राग त्यांच्या मनांत दीर्घकाळ होता. तरी माइन्ट्स येथील ख्रिस्तमंदिरासाठीं १९७८ पासून त्यांनीं खिडक्या दिल्या, त्या यहुदी व जर्मन यांच्या समेटाची खूण म्हणून.

१९७३ मध्यें सोव्हिएत सरकारच्या निमंत्रणावरून ते पन्नास वर्षांनीं रशियांत गेले. मॉस्को पाहिलें, लेनिनग्राड पाहिलें. वितेब्स्कला मात्र गेले नाहींत. २८ मार्च १९८५ रोजीं, वयाच्या ९७ व्या वर्षीं, फ्रान्सच्या दक्षिणेस सँ-पोल-द-व्हान्स या गांवीं त्यांचा अंत झाला व तेथील स्मशानभूमींत त्यांना पुरलें. वितेब्स्कमध्यें पोक्रोव्स्काया रस्त्यावर त्यांच्या वडिलांनीं बांधलेलें विटांचें घर युद्धांतून वांचलें होतें. १९९७ मध्यें त्याचें संग्रहालय झालें, आणि ज्या घराच्या भिंतीवर एकहि चित्र नव्हतें, तें पाहावयास आतां त्यांच्या चित्रांमुळें लोक येतात.