रुग्णसेवेत परिवर्तन घडविणारे संत कामिलस

दरवर्षी १४ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत कामिलस दे लेलिस ह्यांचे स्मरण करते. रुग्णांचे आणि परिचारिकांचे आश्रयदाते संत म्हणून आपण त्यांना ओळखतो. रुग्णालयाचा कारभार सुधारताना त्यांना जो संघर्ष करावा लागला, त्याकडे आज आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

कामिलस ह्यांचा जन्म १५५० साली इटलीतील बुक्क्यानिको येथे झाला. तारुण्यात ते सैनिक झाले आणि जुगाराच्या आहारी गेले. पायाला झालेल्या जखमेवर उपचार घेण्यासाठी १५७१ साली ते रोममधील सान जाकोमो रुग्णालयात दाखल झाले. तेथे ते सेवकाचे कामही करू लागले. परंतु भांडखोर स्वभाव आणि पत्त्यांचा नाद ह्यांमुळे त्यांना काढून टाकण्यात आले. २ फेब्रुवारी १५७५ रोजी त्यांचे हृदयपरिवर्तन झाले. कापुचिन संघात त्यांनी प्रवेश घेतला, परंतु त्याच जखमेमुळे त्यांना परतावे लागले. ते पुन्हा सान जाकोमोत आले आणि कालांतराने तेथील कारभारी झाले.

पगारी नोकर रुग्णांची हेळसांड करीत असत. कामिलस ह्यांनी कडक देखरेख ठेवली. तरीही नजर वळताच सारे पूर्ववत होई. त्या नोकरांच्या जागी ते स्वतः एकेकाळी होते. केवळ धाकाने कर्तव्य करून घेता येते, माया उत्पन्न करता येत नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून १५८२ साली केवळ देवप्रीतीस्तव सेवा करणाऱ्यांचा एक लहान गट त्यांनी जमविला. ह्या मंडळींना रुग्णालय बळकवायचे आहे, असा संशय घेऊन विश्वस्तांनी त्यांची प्रार्थनेची खोली मोडून टाकली. पापनिवेदन ऐकणारे त्यांचे गुरू संत फिलिप नेरी ह्यांनाही त्यांनी रुग्णालय सोडणे मान्य नव्हते. तरीही १५८४ साली गुरुदीक्षा झाल्यावर कामिलस तेथून बाहेर पडले.

१५८६ साली पोप सिक्स्तुस पाचवे ह्यांनी त्यांच्या मंडळीस मान्यता दिली व झग्यावर लाल क्रूस धारण करण्याची अनुमती दिली. १५९१ साली तिचा व्रतस्थ संघ झाला. प्राण धोक्यात घालूनही रुग्णांची सेवा करावयाची, हे त्यांचे चौथे व्रत ठरले.

पुढील विरोध मात्र स्वकीयांकडून आला. रुग्णालयातील सर्व कामे संघाने स्वीकारावीत, असा कामिलस ह्यांचा आग्रह होता. तो भार पेलणार नाही, असे अनेक सहकाऱ्यांचे मत होते. संघावर कर्जही वाढले होते. अखेरीस १६०७ साली कामिलस ह्यांनी प्रमुखपद सोडले आणि सामान्य सदस्य म्हणून ते पुन्हा रुग्णांच्या खाटेपाशी गेले. १४ जुलै १६१४ रोजी रोममध्ये त्यांचे देहावसान झाले. १७४६ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या संस्थांमध्ये आणि समित्यांमध्ये सुधारणेच्या योजना पुष्कळ आखल्या जातात. पद गेल्यानंतरही त्याच कामाला हात लावण्याची आपली तयारी आहे काय, हा प्रश्न संत कामिलस ह्यांचे जीवन आपणांस विचारते. आम्हीही तो स्वतःला विचारीत आहोत.