कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई

इरावती कर्वे म्हटलं की आपण मराठीवाले लगेच ‘युगान्त’ म्हणतो. पण बाईंचं पहिलं मोठं काम कवट्यांवर होतं, आणि ते बर्लिनमध्ये झालं.

जन्म १५ डिसेंबर १९०५चा, ब्रह्मदेशातला. वडील गणेश करमरकर तिथे नोकरीला, म्हणून मुलीला इरावदी नदीचं नाव. सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी वाढली. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान, मग मुंबईत घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र. नवरा दिनकर, म्हणजे महर्षी कर्व्यांचा मुलगा. १९२८मध्ये ती जर्मनीला निघाली तेव्हा विरोध झाला तो खुद्द महर्षींचा! स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाला घरच्या सुनेची पीएच.डी. मात्र जास्तीची वाटली. मला हे वाचून हसू आलं, आणि थोडा रागही.

तिथे काय शिकायचं होतं ते सांगते. डोक्याची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर, हा शीर्षनिर्देशांक. स्वीडनच्या रेट्झियस नावाच्या शास्त्रज्ञाने १८४०च्या दशकात ही वर्गवारी रुजवली. साधारण ७५च्या खाली दीर्घशीर्षी म्हणजे लांब डोक्याचे, ८०च्या वर पृथुशीर्षी म्हणजे रुंद डोक्याचे, मधले मध्यशीर्षी. शब्द निरुपद्रवी दिसतात. पण १९०१च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले यांनी याच आकड्यांवरून मराठी लोकांच्या रुंद डोक्यांचं नातं थेट शकांशी जोडलं होतं. एकदा मोजपट्टी हाती आली की कोण मूळचं कुठलं, कोण वरचं, कोण खालचं, सगळं ठरवता येतं असं तेव्हाच्या विद्वानांना वाटायचं.

इरावतीबाईंचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर याच मताचे. नंतर नाझींच्या वंशवादाला शास्त्राचा आधार पुरवणाऱ्यांत त्यांचं नाव आलं. त्यांनी बाईंना विषय दिला कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीत हा फरक वेगळा असतो आणि त्याचा त्यांच्या बुद्धीशी संबंध आहे, हे सिद्ध व्हावं अशी त्यांची अपेक्षा. बाईंनी युरोपातल्या आणि युरोपाबाहेरच्या मिळून १४९ कवट्या मोजल्या. वंशाशी काही नातं सापडेना. सापडलं नाही, असंच त्यांनी लिहून दिलं.

परक्या देशात, उसन्या पैशांवर शिकणारी पंचविशीच्या आतली मुलगी, आणि समोर संस्थेचा संचालक. आपल्यापैकी किती जण सरांच्या मताविरुद्ध साधा प्रोजेक्ट लिहितो?

पण त्यांना नुसती वंशवादाविरुद्धची नायिका करून टाकणं मला पटत नाही. भारतात परतल्यावर त्यांनी मोजमाप सोडलं नाही. १९३९पासून डेक्कन कॉलेजात राहून त्या गावोगाव हिंडल्या, माणसांची डोकी, नाकं, उंची मोजत राहिल्या. १९५१मध्ये वि. म. दांडेकरांसोबत महाराष्ट्राच्या मोजमापांचं पुस्तक काढलं. त्यातून त्यांना दिसलं की ब्राह्मण या एका नावाखाली येणाऱ्या चित्पावन, देशस्थ वगैरे जाती एकाच मुळाच्या फांद्या वाटत नाहीत. म्हणजे जातिश्रेष्ठतेच्या गोष्टीला तडा गेला, पण आकड्यांतून माणसांचे गट ओळखता येतात हा विश्वास शाबूत राहिला. तो कितपत बरोबर, हा प्रश्न मला सुटलेला नाही. इथे सिल्वासात बाजारात बसलेल्या माणसांचा चेहरा बघून हा वारली, तो कोकणा, तो धोडिया असं बिनधास्त सांगणारे भेटतात. आणि आम्हा कॅथलिकांना हसायची सोय नाही. बाप्तिस्म्याला चारशे वर्षं झाली तरी काही घरांत स्थळ बघताना मूळ जात विचारतातच.

शेवटच्या वर्षांत बाईंचं लक्ष दुसरीकडे वळलेलं दिसतं. ‘युगान्त’ला १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६९मध्ये लेक जाई निंबकर यांच्यासोबत केलेली कोयना धरणग्रस्तांची पाहणी छापून आली. त्यात प्रश्न होते जमीन किती गेली, नवीन गावात पाणी आहे का, भाऊबंद कुठे पांगले असे. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७०ला त्या गेल्या. दमणगंगेवरचं मधुबन धरण नंतर झालं, आणि आमच्याकडचीही गावं त्या पाण्याखाली गेली.