डिस्कमध्ये राहिलेला गॅरी

व्हर्च्युअल मशीन वापरणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. अख्खा कॉम्प्युटर आपल्या लॅपटॉपवर एका फाइलीत मावतो, त्याची हार्ड डिस्क म्हणजे एक भलीमोठी डिस्क इमेज. आणि नेमकं सबमिशनच्या आदल्या रात्री आतलं मशीन सुरू व्हायला नकार देतं. तेव्हा जाणकार मंडळी मशीनच्या नादी लागत नाहीत. थेट इमेज उघडायची, आतली फाइल बाहेर काढायची, बिघडलेली असेल तर दुरुस्त करून परत आत ठेवायची. सेव्हन-झिपसारख्या साध्या सॉफ्टवेअरमध्येही बऱ्याच प्रकारच्या इमेज उघडतात.

हे जमतं, कारण डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे याची वही डिस्कवरच असते. छोट्या, घरगुती कॉम्प्युटरच्या जगात ही वही रुजवणारा माणूस म्हणजे गॅरी किल्डॉल. पण त्याचं नाव निघालं की लोकांना एकच किस्सा आठवतो : आयबीएमची माणसं दारात आली आणि हा पठ्ठ्या विमान उडवायला गेला. एवढ्या मोठ्या कामाची एवढीशी आठवण, हे काही बरोबर नाही.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२चा, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातला. घरची शाळा होती, जहाज चालवणाऱ्यांना दिशा आणि मार्ग शिकवणारी. आजोबांनी काढलेली, वडिलांनी चालवलेली. गॅरीनेही तिथे शिकवलं. मग वॉशिंग्टन विद्यापीठात गणित करता करता तो कॉम्प्युटरकडे ओढला गेला. शाळेपासूनची मैत्रीण डोरोथी मॅक्इवन हिच्याशी लग्न केलं. व्हिएतनाम युद्धाचे दिवस होते. नौदलाची नोकरी आली ती सुदैवाने शिकवण्याची, कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये. १९७२मध्ये पीएचडीही झाली.

याच सुमारास इंटेलची ४००४ ही चिप बाजारात आली. चिप स्वस्त होती, पण तिच्याभोवती कॉम्प्युटर उभा करणं स्वस्त नव्हतं. गॅरीनं काय करावं? कॉलेजच्या मोठ्या आयबीएम मशीनवर त्या चिपची नक्कल करणारा प्रोग्राम लिहिला. म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, खोटाखोटा कॉम्प्युटर! आपण आज व्हर्च्युअल मशीन म्हणतो त्याचंच हे जवळचं भावंड. त्या कामामुळे इंटेलनं त्याला सल्लागार म्हणून घेतलं. पुढच्या चिपसाठीही त्यानं अशाच नकला लिहिल्या आणि पीएल/एम नावाची प्रोग्रामिंगची भाषाही तयार केली.

मग आली फ्लॉपी. शुगार्ट कंपनीचा आठ इंची ड्राइव्ह त्याच्याकडे होता, पण तो कॉम्प्युटरला जोडणारं कंट्रोलर सर्किट नव्हतं. स्वतः करायला गेला, जमेना. ड्राइव्ह नुसताच पडून. शेवटी जॉन टोरोड या मित्रानं सर्किट बांधून दिलं आणि १९७४मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या छोट्या गावात ते चालू झालं. त्यासाठी गॅरीनं लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे सीपी/एम. इंटेलनं पीएल/एम घेतली, सीपी/एममध्ये मात्र रस दाखवला नाही. मग गॅरी आणि डोरोथीनं स्वतःच कंपनी काढली. नाव ठेवलं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. (पुढे त्यातलं इंटरगॅलॅक्टिक गळलं. वाईट वाटतं, पण ठीक आहे.)

आता जरा त्या फ्लॉपीच्या आत जाऊ. कारण गॅरी खरा कळतो तो इथेच.

त्या आठ इंची डिस्कवर ७७ ट्रॅक, प्रत्येकावर २६ सेक्टर, प्रत्येक सेक्टर १२८ बाइटचा. एकूण २,५६,२५६ बाइट. आज मोबाइलवरचा एक बरा फोटोही यात बसणार नाही. पहिले दोन ट्रॅक सिस्टिमसाठी राखीव, म्हणजे इमेजमधले पहिले ६,६५६ बाइट सोडले की ती वही सुरू होते. प्रत्येक नोंद ३२ बाइटची : आधी एक खुणेचा बाइट, मग आठ अक्षरांचं नाव, तीन अक्षरांचं शेपूट, आणि शेवटी फाइलीचे तुकडे कुठे ठेवलेत त्यांचे क्रमांक. फाइल डिलीट केली तर गॅरीची सिस्टिम मजकूर पुसतच नाही. फक्त खुणेच्या बाइटमध्ये ई५ लिहिते. म्हणून आजही अशी इमेज हेक्स एडिटरमध्ये उघडून ई५च्या जागी ०० लिहिलं, तर पन्नास वर्षांपूर्वी उडवलेली फाइल परत दिसू शकते. अट एकच, तिच्या जागेवर नंतर दुसरं काही लिहिलेलं नसावं.

फाइलीचा मजकूर मात्र सरळ वाचता येईल असं नाही. सिस्टिम १ नंबरच्या सेक्टरनंतर २ नाही, ७ घेते, मग १३, १९, २५. तेव्हाचा कॉम्प्युटर हळू होता. एक सेक्टर पचवेपर्यंत डिस्क पुढे फिरून गेलेली असायची. त्यामुळे इमेज नुसती उघडली तर वाक्यं विस्कटलेली दिसतात. सीपीएमटूल्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर हा क्रम लावून फाइल हातात देतं, आत ठेवूनही देतं. फक्त एमुलेटर चालू असताना हा उद्योग करायचा नाही. कुठली जागा रिकामी आहे याचा हिशोब आतल्या सिस्टिमनं मेमरीत ठेवलेला असतो, आपण बाहेरून बदल केला की दोघांचा मेळ बसत नाही आणि डिस्कचं वाटोळं होतं. आजच्या व्हर्च्युअल मशीनलाही हाच नियम लागू आहे बरं का.

गॅरीची सगळ्यात भारी कल्पना त्यानंतरची. इमसाई कंपनीला तिच्या मशीनवर सीपी/एम हवी होती. प्रत्येक कंपनीसाठी सगळं पुन्हा लिहीत बसण्यापेक्षा त्यानं हार्डवेअरशी बोलणारा भाग वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं बायोस. मशीन बदललं तर फक्त तेवढाच भाग बदलायचा, बाकी सिस्टिमला खाली कुठली डिस्क आहे याच्याशी घेणंदेणं नाही. म्हणून तर तिच्या खाली खऱ्या फ्लॉपीऐवजी इमेजची फाइल सरकवली तरी तिला पत्ता लागत नाही. ड्राइव्हला ए, बी अशी अक्षरं देण्याची पद्धत आयबीएमच्या सीपी/सीएमएसमध्ये, तिथल्या आभासी डिस्कसाठी, आधीपासून होती. छोट्या कॉम्प्युटरवर ती आली सीपी/एममधून.

आणि तो १९८०चा दिवस. आयबीएमची टीम आली तेव्हा गॅरी आपल्या विमानातून एका ग्राहकाकडे कामासाठी गेला होता, मजा मारायला नाही. कंपनीचे व्यवहार डोरोथीच बघायची. आयबीएमनं पुढे केलेला एकतर्फी गुप्ततेचा करार तिनं वकिलाच्या सल्ल्यानं सही न करता ठेवला. त्याच दिवशी गॅरी परतला, बोलणंही झालं, पण सौदा जुळला नाही. मायक्रोसॉफ्टनं सिअ‍ॅटलच्याच एका कंपनीकडून सीपी/एमच्या धर्तीवर बनलेली सिस्टिम घेतली आणि आयबीएमला दिली. गॅरीनं तक्रार केल्यावर आयबीएमनं त्याची सीपी/एम-८६सुद्धा विकायला ठेवली. किंमत २४० डॉलर, शेजारी डॉस ४० डॉलरला. कोण काय घेणार, हे सांगायला नकोच.

पुढे त्यानं सीडी-रॉमवर विश्वकोश आणण्यात मोठा वाटा उचलला, टीव्हीवर ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’चं सहसूत्रसंचालन केलं. डोरोथीशी घटस्फोट झाला. १९९१मध्ये कंपनी नॉव्हेलला विकली. पैसा होता, पण त्या विमानाच्या किश्श्यानं पाठ सोडली नाही आणि दारूनंही. जुलै १९९४मध्ये माँटेरेच्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला आणि तीन दिवसांनी, ११ तारखेला, तो गेला. वय ५२.

२०१४मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमनं सीपी/एमच्या जुन्या आवृत्त्यांचा सोर्स कोड खुला केला. त्याच वर्षी पॅसिफिक ग्रोव्हमधल्या कंपनीच्या जुन्या इमारतीसमोर आयईईईची पाटी लागली. २०१६मध्ये त्याच्या आठवणींच्या हस्तलिखिताचा पहिला भाग मुलांनी वाचायला दिला. पुढची प्रकरणं, आजारपणाच्या काळातली, त्यांनी स्वतःजवळच ठेवली आहेत.