देवळालीचे कापरेकर गुरुजी आणि फाइलचा ठसा



६१७४ या संख्येमुळे आपल्याला माहीत असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. त्या आकडेमोडीची गोडी मुलालाही लागली. ठाण्यात शाळा झाली, मग पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक, १९२९ मध्ये पदवी. पदव्युत्तर शिक्षण नाही. १९३० ते १९६२ ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

त्यांचा एक आवडता खेळ बघा. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. २१+२+१=२४, म्हणजे २४ चा जनक २१. मग उलटा प्रश्न : २० चा जनक कोण? कोणीच नाही! अशा संख्या म्हणजे स्वयंभू किंवा देवळाली संख्या. १०१ ला मात्र दोन जनक, ९१ आणि १००. नुसते १०१ बघून मूळ संख्या कोणती ते सांगता येत नाही.

संगणकातही हाच पेच येतो. फाइलमधल्या सगळ्या मजकुरावर ठरलेली गणिती क्रिया करून तिचा ठसा काढतात, त्याला हॅश म्हणतात. एसएचए-२५६ पद्धतीत फाइल केवढीही असो, ठसा ६४ चिन्हांचाच. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. अमेरिकेतील एनआयएसटी ही संस्था माहीत असलेल्या सॉफ्टवेअरच्या ठशांची यादी ठेवते. फाइलचे नाव बदलले तरी ठसा जुळला की ती ओळखू येते. पण दोन वेगळ्या फाइलींचा ठसा एकच निघाला तर? १०१ सारखीच गत, खोटी फाइल खरी म्हणून खपेल! एमडी५ या जुन्या पद्धतीत २००४ मध्ये अशा जोड्या सापडल्या. म्हणून सुरक्षेसाठी तिच्यावर आता भरवसा ठेवत नाहीत.

कापरेकरांनी हॅश शोधला नाही. पण मागे कसं जायचं, जनक एकच असतो का, हे प्रश्न त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन सोडवले. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना ते काम क्षुल्लक वाटे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात लिहिले, तेव्हा जगाला त्यांचे नाव कळले. १९८६ मध्ये ते देवळालीतच वारले.

उद्या मुलांना ३१ चा जनक शोधायला सांगा. उत्तर मात्र लगेच सांगू नका हं!