गुडघे टेकून लढलेली लढाई

परीक्षेचा आठवडा आला की पार्ल्यात एक गंमत दिसते. एरवी कॉलेज सुटलं की सरळ वडापावच्या गाडीकडे धावणारी पावलं अचानक पार्लेश्वराच्या देवळाकडे वळतात. बुधवार असेल तर एखादा ग्रुप पार्ल्याहून स्लो लोकल पकडून थेट माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला जातो. ग्रुपमध्ये ख्रिश्चन एखादाच असतो, बाकीचे केटी लागू नये म्हणून गेलेले! तुम्हीही कधी ना कधी हात जोडले असतीलच. पेपर सोपा जाऊ दे, लिस्टमध्ये नाव येऊ दे. मागायचं आणि वाट बघायची. प्रार्थना म्हटलं की आपल्या डोक्यात साधारण एवढंच येतं.

पण प्रार्थना म्हणजे लढाई, असं मानणारीही माणसं होऊन गेली. ख्रिस्ती धर्मात ही कल्पना फार जुनी आहे. बायबलमध्ये पौलाने इफिस शहरातल्या मंडळीला लिहिलेलं एक पत्र आहे. त्याच्या शेवटच्या अध्यायात त्याने श्रद्धावान माणसाला चक्क सैनिकाचा पोशाख चढवलाय : कंबरपट्टा, चिलखत, ढाल, शिरस्त्राण, तलवार. आणि ही सगळी यादी जाऊन पोहोचते ती प्रार्थनेपाशी. त्यात एक अट मात्र पौल सुरुवातीलाच घालतो. ही लढाई माणसांशी नाही, अंधाराच्या शक्तींशी आहे. आपल्याला हे फार परकं वाटायचं कारण नाही. रोज मनाशी चालणाऱ्या युद्धाबद्दल आपले तुकोबाही बोलून गेलेतच की!

ही लढाई आयुष्यभर लढलेली एक मराठी बाई तुम्हाला शाळेच्या पुस्तकात भेटलेली आहे. पंडिता रमाबाई. पुस्तकात दोन ओळी होत्या : संस्कृत विदुषी, विधवांसाठी शारदा सदन. पुढचं बरंचसं राहूनच गेलं.

मागून न मिळालेलं

रमाचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला होता. तरीही ते मागे हटले नाहीत. आई लक्ष्मीबाईंनी लेकीलाही संस्कृत शिकवलं. हे कुटुंब गावोगाव पुराणं सांगत फिरायचं. आज या तीर्थावर, उद्या त्या देवळात.

मग १८७०च्या दशकातला दुष्काळ आला. हातातला पैसा संपला. मोलमजुरी जमेना, भीक मागवेना. या कुटुंबाला एकच गोष्ट येत होती, देवाला आळवणं. उपास झाले, अनुष्ठानं झाली, उरलंसुरलं दानही देऊन झालं. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. विशीही न गाठलेली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास, दोघंच उरले. हजारो मैल पायी चालत १८७८ मध्ये ती दोघं कलकत्त्याला पोहोचली.

जरा थांबून विचार करा. जिच्या घरात एवढी प्रार्थना झाली आणि तरीही घर रिकामं झालं, ती मुलगी पुन्हा कधी हात जोडेल का? रमाचाही जुन्या श्रद्धेवरचा विश्वास उडाला. कलकत्त्याच्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली, तिला पंडिता म्हटलं, सरस्वती म्हटलं. पण आतली जागा रिकामीच होती.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. ब्राह्मण बाई आणि शूद्र मानल्या गेलेल्या जातीतला नवरा. त्या काळात केवढा गहजब झाला असेल बघा! १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने बिपिनबाबूंना नेलं. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, कडेवर दहा महिन्यांची लेक.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी यायचं, त्यामुळे ते शिक्षण जमलं नाही. तिथेच वाँटेज या गावी २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घेतला म्हणून डोकं गहाण ठेवलं, असं मात्र झालं नाही. ख्रिस्ताचा देवपणा, त्रैक्य, चर्चची सत्ता या प्रश्नांवर त्या वाँटेजच्या सिस्टरांशी पत्रांतून वर्षानुवर्षं वाद घालत राहिल्या. कुणीतरी सांगतं म्हणून मानायचं, हे त्यांना पुण्यात पटलं नव्हतं आणि इंग्लंडमध्येही पटलं नाही. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, की आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडायला आणखी आठेक वर्षं लागली. त्यांची पहिली लढाई ही अशी होती. समोर कुणी माणूस नव्हता, स्वतःची शंका होती. आणि शंका दाबून टाकायची नाही, ती घेऊनच गुडघे टेकायचे, हे त्या शिकल्या.

दार उघडं की बंद?

अमेरिकेत फिरून, व्याख्यानं देऊन, पैसा उभा करून रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. आपल्या चर्नी रोड स्टेशनापासून चालत जाता येईल अशा भागात! पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. सदनाचा नियम असा होता, की धर्म शिकवला जाणार नाही. जिला जी पूजा करायची तिने ती करावी.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आली. रमाबाई स्वतःच्या खोलीत सकाळी प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं असे. काही मुली आत येऊन बसू लागल्या. पुण्यात वादळ उठलं. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार समितीतून बाहेर पडली. पालकांनी मुली काढून नेल्या.

बरोबर कोण होतं? रमाबाईंचं म्हणणं होतं, मी कुणाला बोलवत नाही, कुणाची पूजा बंद करत नाही, मग माझ्याच घरात माझी प्रार्थना लपून का करू? विरोधकांचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नव्हतं. जी मुलगी अन्न, वस्त्र, छप्पर सगळ्यासाठी एकाच बाईवर अवलंबून आहे, तिच्यासाठी उघडं दार हेच आमंत्रण नाही का? हा प्रश्न आजही जिवंत आहे. तुम्ही उद्या एखाद्या टीमचे लीडर व्हाल, शिक्षक व्हाल, तेव्हा तुमची श्रद्धा आणि तुमच्या हाताखालच्या माणसाचं स्वातंत्र्य यांची गाठ पडेलच.

रमाबाईंनी दार बंद केलं नाही. त्याची किंमतही मोजली. ज्यांनी एकेकाळी डोक्यावर घेतलं होतं, त्यांच्यातले बहुतेक दुरावले.

जाता जाता एक सांगतो. शारदा सदनात शिकलेल्या पहिल्या विधवा मुलींमध्ये गोदूबाई होत्या. १८९३ मध्ये त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तेच आजचं एसएनडीटी. पार्ल्याहून जुहूकडून सांताक्रूझला जाताना त्याचं आवार लागतं. पुढच्या वेळी तिथून जाल तेव्हा आठवा, की त्यातला एक धागा त्या उघड्या दाराच्या घरापर्यंत जातो.

केडगावची विहीर

१८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ आला, या वेळी मध्य प्रांतात. बातम्या वाचून रमाबाईंना आपले आईवडील आठवले नसतील तरच नवल. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि रस्त्यावर मरायला टाकलेल्या, विकायला काढलेल्या मुली घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. दौंडजवळच्या केडगावला त्यांनी आधीच शेतजमीन घेतलेली होती. तिथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. हीच मुक्ती. १८९९-१९०० मध्ये गुजरातेतल्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

दोन हजार तोंडं! अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षांसाठी दिलेलं मदतीचं वचन तोवर संपलं होतं. रोजचं धान्य कुठून आणायचं? मुक्तीची पहाट प्रार्थनेने सुरू व्हायची. पण ती संपली की कुणी हात बांधून बसत नसे. शेत होतं, गुरं होती, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. मनोरमाबाई अंध मुलींना ब्रेल शिकवत. दुष्काळात विहिरी संध्याकाळी कोरड्या पडायच्या आणि सकाळी पुन्हा पाणी असायचं, असं तिथल्या लोकांनी लिहून ठेवलंय. त्याला चमत्कार म्हणायचं की झरा, ते तुम्ही ठरवा. पण त्या विहिरी खणाव्या लागल्या होत्या, एवढं मात्र विसरू नका.

रमाबाईंच्या प्रार्थनेत झालेला बदल इथे दिसतो. लहानपणी त्यांच्या घराने देवाला आळवलं आणि हात चालवायचे कसे हेच ठाऊक नसल्याने घर संपलं. मुक्तीत त्यांनी एकाही मुलीला तसं राहू दिलं नाही. जी प्रार्थना करायला शिकली, ती विणायलाही शिकली, खिळे जुळवायलाही शिकली. लढाईला निघालेल्या माणसाला हत्यार चालवता यायला नको का?

२९ जून १९०५

१९०४-०५ मध्ये वेल्समध्ये मोठं धार्मिक जागरण झालं. त्याच्या बातम्या केडगावपर्यंत आल्या. रमाबाईंनी विचारलं, रोज खास प्रार्थनेला कोण येईल? सुरुवातीला सत्तरेक मुली आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या.

२९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपण आगीने वेढलो गेलोय असं वाटलं. सोबतची मुलगी पाण्याची बादली आणायला धावली, आणि मग तिच्या लक्षात आलं की खरी आग कुठेच नाही. ही हकिगत तिथे राहणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी नोंदवून ठेवलीय. दुसऱ्या दिवशी रमाबाई बायबलचा पाठ घेत असताना शेकडो मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. पाठ थांबवावा लागला. कुणी रडत होती, कुणी आपल्या चुका सगळ्यांसमोर कबूल करत होती. पुढे मुलींच्या टोळ्या गावोगाव प्रार्थनेला, प्रचाराला जाऊ लागल्या. लॉस एंजेलिसमधलं प्रसिद्ध अझुसा स्ट्रीट जागरण १९०६चं, म्हणजे केडगावच्या नंतरचं. जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास लिहिणारे म्हणूनच केडगावचं नाव घेतात.

काही मिशनरींना हा गोंगाट आवडला नाही. चर्चमध्ये कसं शांत असावं! रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. भारतीय मुलींनी देवापुढे आपल्या पद्धतीने रडावं, ओरडावं, गावं; पश्चिमेच्या शिस्तीत त्यांना का कोंबायचं? आयुष्यभर त्यांचं हेच चाललं होतं. आधी शास्त्रीबुवांपुढे, मग सिस्टरांपुढे, मग मिशनरींपुढे.

या मुली कशाशी लढत होत्या, याचा अंदाज करणं अवघड नाही. त्यांच्यातल्या कित्येकींनी आईबाप भुकेने मरताना पाहिले होते. कित्येकी विकल्या गेल्या होत्या. अपशकुनी, पांढऱ्या पायाची, हे शब्द ऐकतच वाढल्या होत्या. अशा मुलीने पहिल्यांदा मोठ्या आवाजात, सगळ्यांदेखत, आपलं दुःख बोलणं ही लहान गोष्ट नव्हती. त्यांच्यापैकी प्रत्येकीने हा धर्म पूर्ण स्वेच्छेने निवडला का, हा १८९३चा प्रश्न इथेही राहतोच. तो मनात ठेवूनच ही गोष्ट वाचायला हवी.

शेवटची आघाडी

उरलेली वर्षं रमाबाईंनी एका कामात घातली. मराठी बायबल होतं, पण त्यातली भाषा साध्या बायकांना जड जायची. म्हणून या संस्कृत पंडितेने पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि सोप्या मराठीत सगळं बायबल पुन्हा लिहायला घेतलं. छपाई मुक्तीतच झाली. एकेकाळी दुष्काळातून आलेल्या मुली ते खिळे जुळवत होत्या.

१९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची, एकुलती एक, आईचं काम पुढे नेईल अशी लेक. वडील, आई, बहीण, भाऊ, नवरा आणि आता मुलगी. पहिल्या वेळी देवावरचा विश्वास उडाला होता. या वेळी त्या आपल्या टेबलाशी परत गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. त्यांचं बायबल १९२४ मध्ये पूर्ण छापून बाहेर आलं.

मुक्ती मिशन आजही केडगावला सुरू आहे. जायचं असेल तर पार्ल्याहून दादर, दादरहून पुणे आणि पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी. परीक्षा संपल्यावर एकदा जाऊन या. आणि परीक्षेच्या आधी पार्लेश्वरापुढे किंवा माहीमला उभे राहाल, तेव्हा मागणं सांगून झाल्यावर एक क्षण थांबा. आपली लढाई नक्की कशाशी आहे, पेपरशी, भीतीशी की आळसाशी, एवढं स्वतःला विचारा. मग घरी येऊन पुस्तक उघडा. रमाबाईंच्या मुक्तीत प्रार्थनेची घंटा झाली की थोड्या वेळाने कामाचीही होत असे.