डॉ. वाइल्डर पेन्फील्ड

मेंदूला स्पर्श केला असतां वेदना होत नाहींत, असें सांगितल्यावर आमच्या वर्गांतील मुलें हंसूं लागतात. ज्याच्या योगें आपणांस सर्व दुःखें कळतात, त्यास स्वतःचें दुःख कळूं नये! याच गोष्टीचा आधार घेऊन ज्यांनीं अपस्माराच्या अनेक रोग्यांस आराम दिला, त्यांचें चरित्र सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पेन्फील्ड यांचा जन्म २६ जानेवारी १८९१ रोजीं अमेरिकेंतील स्पोकेन गांवीं झाला. ऑक्सफर्ड येथें त्यांनीं शेरिंग्टन यांच्या हाताखालीं मज्जातंतूंचा अभ्यास केला. १९२८ सालीं ते कॅनडांतील माँट्रिअल शहरीं आले. त्याच वर्षीं त्यांची वडील बहीण रूथ हिच्या मेंदूंत गांठ असल्याचें आढळलें. सहा मुलांची ती माता. शस्त्र भावानेंच चालविलें. परंतु सर्व गांठ निघाली नाहीं. ती घरीं परतली, बोलूं-चालूं लागली. मात्र घरच्या मंडळींचा स्वयंपाक योजणेंही पुढें तिला एकटीस साधेना. दोन-तीन वर्षांत ती वारली. १९३४ सालीं पेन्फील्ड यांनीं माँट्रिअल येथें मज्जारोगांची संस्था उघडली, तींत या दुःखाचा वांटा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर या संस्थेची कीर्ति वाढली. तेथें रोग्यास जागें ठेवून, केवळ डोक्याची त्वचा बधिर करून, मेंदू उघडीत. ही रीत पेन्फील्ड यांनीं ब्रेस्लॉच्या फोर्स्टर यांजपाशीं पाहिली होती. मेंदूस विजेचा सौम्य प्रवाह लावतांच कोणाचा हात हाले, कोणाची वाचा थांबे, तर कोणास जुनें गाणें ऐकूं येई! त्या त्या जागीं अंकांची इवलीशी चिठ्ठी ठेवीत. वाचेची जागा राखावयाची. झटक्याची पूर्वसूचना जेथून उठे, ती कापावयाची. यांतून झालेला मेंदूचा नकाशा १९५० सालीं रास्मुसेन यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथांत आला.

सर्वच यश मिळालें असें मात्र नाहीं. कानशिलामागचा भाग काढल्यावर दोघां रोग्यांस नव्या गोष्टी स्मरेनाशा झाल्या. पेन्फील्ड यांनीं तें झांकलें नाहीं. १९५५ सालीं ब्रेंडा मिल्नर यांच्यासह विद्वानांच्या सभेपुढें मांडलें. आम्हांस त्यांचें हेंच कृत्य सर्वांत मोठें वाटतें.

माँट्रिअल येथें शिकलेले डॉ. जेकब चँडी यांनीं १९४९ सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग काढला. आपल्या देशांतील तो पहिलाच. पेन्फील्ड १९६० सालीं निवृत्त झाले व ५ एप्रिल १९७६ रोजीं माँट्रिअल येथेंच निवर्तले.