नील्स बोर : अणूइतकाच खुलेपणाचा ध्यास

युरोपात अणुऊर्जेचा वाद अजून मिटलेला नाही. फ्रान्स आपल्या विजेचा मोठा हिस्सा अणुभट्ट्यांतून मिळवतो. शेजारच्या जर्मनीने १५ एप्रिल २०२३ रोजी आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. डेन्मार्कने तर वीजनिर्मितीसाठी एकही अणुभट्टी कधी उभारली नाही. अणूची रचना जगाला समजावून देणारे नील्स बोर मात्र याच देशाचे. अणुऊर्जा हवी की नको, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न त्यांनी फार आधी विचारला होता. या ऊर्जेबद्दलचे निर्णय बंद दाराआड घ्यायचे की सर्वांसमोर? या प्रश्नाची त्यांना मोठी किंमत मोजावी लागली.

बोर यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८८५ रोजी कोपनहेगनमध्ये झाला. वडील ख्रिश्चन बोर हे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला, की हिमोग्लोबिन आपल्याजवळचा ऑक्सिजन अधिक सहज सोडून देते, हा त्यांचा शोध. वैद्यकाचे विद्यार्थी आजही तो ‘बोर परिणाम’ या नावाने शिकतात. आई एलेन एका सधन ज्यू घराण्यातली. घरात शास्त्रज्ञ आणि विचारवंतांची ऊठबस असे आणि मुलांना त्यांच्या चर्चा ऐकायची मुभा होती. धाकटा भाऊ हॅराल्ड गणितज्ञ झाला आणि १९०८च्या ऑलिम्पिकमध्ये डेन्मार्कच्या फुटबॉल संघाकडूनही खेळला. नील्स गोलरक्षक होते, पण राष्ट्रीय संघापर्यंत पोचले नाहीत.

१९१२ मध्ये बोर मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफर्ड यांच्याकडे गेले. अणूच्या मध्यभागी जड केंद्रक असते, हे रदरफर्ड यांनी नुकतेच दाखवले होते. पण मग भोवती फिरणारे इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत केंद्रकावर का कोसळत नाहीत, याचे उत्तर मिळत नव्हते. इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेच्या कक्षांमध्येच राहू शकतात आणि एका कक्षेतून दुसरीत जाताना प्रकाश बाहेर टाकतात किंवा शोषून घेतात, अशी मांडणी बोर यांनी १९१३ मध्ये केली. या कामासाठी त्यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याआधीच, १९२१ मध्ये, कोपनहेगनमध्ये त्यांची संस्था सुरू झाली होती. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन शास्त्रज्ञांना अनेक ठिकाणी दारे बंद होती, तेव्हा या संस्थेत जर्मन, ब्रिटिश, रशियन, अमेरिकन तरुण एकाच फळ्यासमोर उभे राहून भांडत. आपले होमी भाभाही केंब्रिजच्या दिवसांत तिथे राहून आले. अर्धवट कल्पना सर्वांसमोर मांडायची, चुका काढू द्यायच्या आणि पुन्हा मांडायची, ही तिथली रीत होती. खुलेपणाशिवाय विज्ञान पुढे जात नाही, ही बोर यांची खात्री इथे पक्की झाली.

याच संस्थेत हंगेरीचे जॉर्ज द हेवेसी यांनी किरणोत्सारी फॉस्फरस उंदरांना देऊन तो शरीरात कुठे जातो, हे शोधले. हाड म्हणजे एकदा घडलेला निर्जीव सांगाडा नसून त्यातले अणू सतत बदलत असतात, हे त्यातून कळले. बोर यांच्या पन्नाशीला, १९३५ मध्ये, डेन्मार्कच्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना सुमारे ०.६ ग्रॅम रेडियम भेट दिले. त्या काळी ती फार महागडी वस्तू होती. या रेडियममुळे हेवेसी यांच्या प्रयोगांना बळ मिळाले. आज थायरॉइड किंवा हाडांच्या तपासणीसाठी रुग्णाला किरणोत्सारी द्रव्याची सूक्ष्म मात्रा देतात, त्या पद्धतीचे मूळ या कामात आहे.

जानेवारी १९३९ मध्ये बोर अमेरिकेला निघण्याच्या तयारीत असताना ऑटो फ्रिश यांनी त्यांना एक बातमी दिली. बर्लिनमधल्या प्रयोगांत युरेनियमचे केंद्रक दुभंगले होते आणि फ्रिश व त्यांच्या मावशी लिझ माइटनर यांनी त्याचा अर्थ लावला होता. बोर यांनी लवकरच आणखी एक गोष्ट ओळखली. मंद न्यूट्रॉनने दुभंगते ते युरेनियम-२३५ आणि निसर्गातल्या युरेनियममध्ये त्याचे प्रमाण जेमतेम ०.७ टक्के असते. जॉन व्हीलर यांच्यासोबत लिहिलेला त्यांचा विखंडनाचा सिद्धान्त १ सप्टेंबर १९३९ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. प्रत्येक शोध लगेच छापून मोकळा करण्याची भौतिकशास्त्राची सवय यानंतर थांबली.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क ताब्यात घेतला. सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस ज्यूंची धरपकड होणार असल्याची खबर लागली आणि बोर पत्नी मार्गरेटसह रात्री बोटीने स्वीडनला निसटले. तिथे पोचताच त्यांनी स्वीडनच्या राजाची भेट घेतली आणि डेन्मार्कच्या ज्यूंना आश्रय देत असल्याचे देशाने उघडपणे जाहीर करावे, असा आग्रह धरला. पुढच्या काही दिवसांत ७ हजारांहून अधिक ज्यू समुद्र ओलांडून सुरक्षित पोचले. बोर यांना ब्रिटिशांनी एका बॉम्बफेकी विमानातून लंडनला नेले. डोक्यावरचे शिरस्त्राण नीट न बसल्याने वैमानिकाची सूचना त्यांना ऐकू आली नाही, ऑक्सिजन सुरू करायचा राहिला आणि ते बेशुद्ध पडले. विमान खाली उतरल्यावर ते शुद्धीवर आले.

तिथून ते अमेरिकेतील लॉस अॅलमॉसला गेले. निकोलस बेकर या नावाने वावरत त्यांनी अणुबॉम्बच्या कामात सल्ला दिला. बॉम्ब बनवण्यात आपलाही हात होता, हे त्यांनी कधी नाकारले नाही. पण त्यांचे मन बॉम्बनंतरच्या जगाकडे लागले होते. निसर्गाचे नियम कुणा एका देशाच्या तिजोरीत राहत नाहीत. आज अमेरिकेला जमले ते उद्या रशियाला जमेल. मग भीतीपोटी शस्त्रांची शर्यत सुरू होईल. ती टाळायची तर बॉम्ब वापरण्याआधीच रशियाला विश्वासात घ्यावे, एकमेकांची कारखाने-प्रयोगशाळा पाहता येतील अशी संयुक्त व्यवस्था उभारावी, असे त्यांचे म्हणणे होते.

हे सांगण्यासाठी ते मे १९४४ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांना भेटले. बोर हळू, अडखळत आणि लांबलचक बोलत. चर्चिल यांनी त्यांना मुद्द्यापर्यंत पोचूच दिले नाही. ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट यांनी मात्र आपुलकीने ऐकून घेतले आणि बोर आशेने परतले. पण सप्टेंबरमध्ये दोन्ही नेत्यांनी गुप्त टिपणावर सही केली. प्रकल्प जगाला सांगण्याची कल्पना त्यात फेटाळली होती. शिवाय बोर यांची चौकशी करावी आणि त्यांच्याकडून रशियनांकडे माहिती जाणार नाही याची खबरदारी घ्यावी, असेही नमूद होते. प्रत्यक्षात रशियन शास्त्रज्ञ कापित्सा यांचे निमंत्रणाचे पत्र आले, तेव्हा बोर यांनी ते स्वतःच ब्रिटिश अधिकाऱ्यांना दाखवले होते. पाच वर्षांत, ऑगस्ट १९४९ मध्ये, रशियाने आपला बॉम्ब फोडला.

९ जून १९५० रोजी बोर यांनी संयुक्त राष्ट्रांना खुले पत्र लिहिले. माहिती आणि माणसांना सीमा ओलांडता येतील असे खुले जग, हीच सुरक्षितता, असा त्याचा गाभा होता. दोनच आठवड्यांनी कोरियात युद्ध पेटले आणि पत्र बाजूला पडले.

बोर थांबले नाहीत, युरोपपुरते काम त्यांनी हाती घेतले. युरोपीय देशांची संयुक्त अणुकेंद्रक संशोधन संस्था, म्हणजे सर्न, उभी राहत होती. तिचा सैद्धान्तिक विभाग १९५२ ते १९५७ या काळात कोपनहेगनमध्ये बोर यांच्याच संस्थेत होता. १९५४ मध्ये सर्न अस्तित्वात आली तेव्हा दहा वर्षांपूर्वी एकमेकांवर बॉम्ब टाकणारे देश तिचे सदस्य होते. लष्करी काम करायचे नाही आणि निष्कर्ष प्रसिद्ध करायचे, हे तिच्या करारातच आहे. १९५५ मध्ये जिनिव्हाला अणूच्या शांततामय वापरावर ७३ देशांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी होमी भाभा होते आणि बोर यांचेही तिथे व्याख्यान झाले. वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली कितीतरी माहिती तिथे खुली झाली.

त्याच वर्षी डेन्मार्कच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद बोर यांच्याकडे आले. रोस्किल्ड शहराजवळ रिसो येथे संशोधन केंद्र उभे राहिले, तीन प्रायोगिक अणुभट्ट्या आल्या. देशाला पुढे अणुवीज मिळावी, ही त्यामागची अपेक्षा होती. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी बोर यांचे निधन झाले.

पुढे घडले ते वेगळेच. १९७३ च्या तेलटंचाईनंतर वीज कंपन्यांनी अणुभट्ट्यांची मागणी केली आणि डेन्मार्कमध्ये गावोगावी चर्चा सुरू झाली. कचऱ्याचे काय, अपघात झाला तर काय, वाऱ्यापासून किती वीज मिळेल, हे प्रश्न तज्ज्ञांच्या खोलीतून सभागृहांत आणि शाळांत आले. अखेर २९ मार्च १९८५ रोजी संसदेने अणुऊर्जा देशाच्या नियोजनातून वगळली. रिसो पुढे पवनचक्क्यांच्या संशोधनासाठी नावाजले. बोर यांच्या केंद्राचा मूळ हेतू असा मागे पडला. पण निर्णय झाला तो त्यांना हव्या असलेल्या मार्गाने, म्हणजे सर्वांसमोर.

सुमारे वर्षभरानंतर, एप्रिल १९८६ मध्ये, चेर्नोबिलचा अपघात झाला. रशियाने सुरुवातीला मौन पाळले. बाहेरच्या जगाला सुगावा लागला तो स्वीडनमधल्या एका अणुवीज केंद्रात वाढलेल्या किरणोत्सारामुळे. आसपासच्या प्रदेशांत मुले किरणोत्सारी आयोडीन असलेले दूध पीत राहिली आणि पुढे त्यांच्यात थायरॉइडचा कर्करोग वाढला. वेळेवर दूध थांबवले असते तर त्यातले बरेच टळले असते. त्याच वर्षी अपघाताची सूचना ताबडतोब देण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला.

वारा सीमा पाळत नाही. कोपनहेगनपासून जेमतेम २० किलोमीटरवर स्वीडनची बार्सेबेक अणुभट्टी होती. ती २००५ मध्ये पूर्ण बंद होईपर्यंत डेन्मार्कचे लोक ती समुद्रापलीकडे पाहत होते. एका देशाचा निर्णय शेजाऱ्यालाही भोगावा लागतो. आज हवामानबदलामुळे युरोपात अणुऊर्जेची बाजू पुन्हा जोरात मांडली जात आहे आणि रिसोच्या जुन्या किरणोत्सारी कचऱ्याच्या कायमच्या जागेचा प्रश्न अजून सुटायचा आहे. उत्तर होकाराचे असो वा नकाराचे, त्यातला धोका ज्यांना पत्करायचा आहे त्यांना सगळी माहिती आधी मिळाली पाहिजे. बोर यांचे हे म्हणणे १९४४ मध्ये संशयास्पद ठरले होते. आता मात्र अणुभट्टीच्या शेजारी राहणाऱ्या प्रत्येकाचा तो हक्क आहे.